मोसंबीचा रस कडू का होतो

नाना,

मोसंबीचा रस काढल्या काढल्या गोड असतो आणि तोच पेला तासभर ओट्यावर राहिला की कडू होतो. मधल्या वेळात त्यात कोणी काहीही घातलेले नसते. ज्याच्या घरी मोसंबी येते त्या प्रत्येकाने हे अनुभवलेले असते, पण कारण विचारतो एखादाच. मी विचारले होते. मिरजगावच्या आपल्या स्वयंपाकघरात. शाळेत शिकवून आल्यावर तुम्ही रसाचा पेला घेऊन आतल्या खोलीत जायचात, कपडे बदलून तो हातात घेऊनच बाहेर यायचात आणि दाराशी बसून सावकाश प्यायचात. त्यातला एक घोट मी घेतला आणि तोंड वाकडे करून म्हणाले, "नाना, कडू आहे. आणि घशात जळतंय."

तुम्ही रागावला नाहीत. पेला माझ्या हातातून अलगद काढून घेतलात, उरलेल्या मोसंबीची फोड सोलून तिचा पांढरा पापुद्रा मला दाखवलात आणि समजावू लागलात. या पापुद्र्यात आणि बियांत एक द्रव्य असते. त्याला स्वतःची चव नसते. फळ अखंड असते तोवर ते आणि आंबट रस आपापल्या जागी राहतात. फळ पिळले की दोघांची गाठ पडते आणि आम्लामुळे त्या बेचव द्रव्याचे हळूहळू कडू द्रव्य बनते. कडूपणा बाहेरून येत नाही, फक्त उशिरा येतो. ओट्याला टेकून ऐकता ऐकता मी रसायनशास्त्राच्या प्रेमात पडले. मग तुम्ही आईकडे वळून म्हणालात, "किती वेळा सांगायचं, रस आयत्या वेळी काढत जा. आता पोरीलाही कळलं." आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

पुढे हे वाक्य घरात रुळले. पाहुण्यांसमोर तुम्ही आईच्या आळसाचा हा दाखला देऊन सर्वांना हसवायचात आणि शास्त्रीय कारणासाठी मला पुढे करायचात. मी ते न अडखळता सांगत असे.

तुम्ही गेलात तेव्हा सर्वांनी काविळीचे नाव घेतले. आज मी नगरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि आईसह केडगावात राहते. गेल्या रविवारी तिला मोसंबीचा रस काढून दिला आणि सवयीने म्हणाले, लगेच पी, नाहीतर कडू होईल. ती शांतपणे म्हणाली, "मला नगं शिकवू. तुझ्या नानांची चप्पल दारात वाजली की मगच मी मोसंबी चिरायची. रस गोडच असायचा. कडू व्हायचा त्यो त्यांनी आत नेल्यावर."

बाकीचे तिने भांडी विसळत सांगितले. आतल्या खोलीत उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे बाटली असायची. पाण्यासारखी दिसणारी, तोंडाला फारसा वास न येऊ देणारी. गावातल्या मास्तरला दुसरी कुठली दारू चालली नसती. मग तू इतकी वर्षे गप्प का राहिलीस, असे मी विचारले.

"तुला त्या शास्त्राची लई गोडी लागली हुती," ती म्हणाली. "ते समदंच खोटं हाय असं वाटलं असतं तुला."

ते खोटे नव्हते, नाना. म्हणूनच माझा राग निवत नाही. खोटे असते तर एव्हाना विसरून गेले असते.

आज मी तुमचे पेय स्वतः बनवले. संत्र्याच्या रसात केले तर त्याला जगभर स्क्रूड्रायव्हर म्हणतात; तुमचे मोसंबीतले. उंच पेला बर्फाने भरावा, एक भाग व्होडका ओतावी, वर दोन भाग ताजा, गाळलेला रस घालावा आणि चमचा एकदाच सावकाश फिरवावा. शेजारी त्याच फळांचा नुसता रस तासभर ठेवला होता. दोन्ही चाखले. नुसत्या रसाचा कडूपणा जिभेच्या मागच्या भागावर उमटतो आणि गिळल्यावरही रेंगाळतो. व्होडकेचा कडवटपणा जिभेवर क्षणभरही टिकत नाही आणि घोट घशात पेटतो. या दोहोंत गफलत होणे अवघड आहे, शास्त्राच्या शिक्षकाकडून तर फारच अवघड. माझ्या त्या वाक्यात दोन निरीक्षणे होती. तुम्ही एकाचेच उत्तर दिलेत, आणि नेमके ते, ज्याचा ठपका आईवर ठेवता येत होता.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवले नसते. तुम्ही ते वाचून आणखी एखादे अचूक कारण समजावून सांगितले असते, आणि मी ऐकत बसले असते.

उद्या वर्गात हा प्रयोग सांगायचा आहे. कबूल करते, दरवर्षी तो मी तुमच्याच शब्दांत सांगते. त्याहून सोपे शब्द मला अजून सापडलेले नाहीत. एक मोसंबी पिळावी, रस दोन पेल्यांत वाटावा, एक लगेच चाखावा, दुसरा तासाभराने. यंदा मी त्यात एक वाक्य जोडणार आहे. पहिला पेला, ज्याने रस काढला त्याच्यासमोरच प्यावा.