महादेवीची लस

२ जुलै २०१७, लातूर

महादेवीनं आज परत विचारलं. "अहो, त्या लशीला कधी जायचं?" म्हटलं, क्लासची नवी बॅच मार्गी लागू दे. उन्हाळ्यात म्हणालो होतो – परीक्षा होऊ दे! तिनं भाकरी वाढली.

९ ऑगस्ट

क्लासमध्ये आज प्लीहा शिकवली. "म्हणजे आपली पानथरी! रक्तातले जंतू गाळणारी गाळणी. ती काढलेल्या माणसाला न्यूमोनियाचा जंतू दिवसभरात नेऊ शकतो!" अख्खा हॉल माना खाली घालून लिहीत होता. मी खूश.

घरी येताना जिन्यात पाय थांबले. किल्लारीच्या भूकंपात महादेवीच्या अंगावर भिंत पडली, पानथरी फुटली. लहानपणीच काढावी लागली. हिला न्यूमोनियाची लस द्याच, असं डॉक्टरीणबाईंनी मलाच बजावलं होतं. माझ्याच बायकोचं शिकवत होतो – आणि ध्यानात नाही! रविवारी नक्की.

१३ ऑगस्ट

जादा तास निघाला.

२१ ऑगस्ट

सकाळी महादेवीला हुडहुडी भरली. "लई थंडी वाजायलीय," म्हणाली, मग काहीबाही बरळायला लागली. रिक्षात घालून नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "न्यूमोनियाची लस दिली होती ना, सर?"

नाही म्हटलं.

"तुम्ही बायोलॉजीच शिकवता ना?"

रागावून नाही बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ ऑगस्ट

अजून शुद्धीवर नाही. सासरे आले, बसलिंगप्पा. "ढिगाऱ्यातनं जित्ती काढलेली पोर हाय माझी. तिला काय होत न्हाई." मग मला विचारलं, "कशानं झालं हो हे?" म्हटलं, व्हायरल असेल.

खोटं बोललो. त्या म्हाताऱ्याशी!

२४ ऑगस्ट

ताप उतरला! चहा मागितला तिनं. न्यूमोनिया नव्हताच म्हणे. लघवीचा संसर्ग रक्तात गेला होता. "वेळेवर आणलंत. पण लस आता तरी द्या," – डॉक्टरीणबाई.

सासऱ्यांना बाहेर नेऊन सगळं खरं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"तिनं म्हटलं व्हतं का तुम्हाला, चला म्हणून?"

"हो. दोनदा."

ते उठून गेले. मी तिथंच बसून राहिलो.

८ सप्टेंबर

आज सगळे तास रद्द केले. महादेवीला म्हटलं, चल, लस घेऊन येऊ. ती जागची हलली नाही.

"घेतली की मी. आखाडातच, बार्शी रोडच्या दवाखान्यात. शेजारच्या साखराबाईला दमा हाय ना, तिलाबी नेलं."

"मग मला सांगायचं नाही?"

तिनं जरा विचार केला.

"ध्यानातच आलं न्हाई हो."

टोमणा नव्हता. खरंच आलं नव्हतं.