कुलूप घातलेला जिना

मी, नीला दत्ताराम उतेकर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय एकाहत्तर, राहणार महाड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. ऑपरेशन डोळ्याचे झाले आहे, डोक्याचे नाही. शंका असेल त्याने माझ्या हयातीतच येऊन विचारावे.

१. बाजारपेठेतले दुमजली घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. खालच्या गाळ्यात भाडेकरू हैदर पखवाज-ढोलक्यांना चामड्याच्या पुड्या चढवतो. सावित्री नदीला पाणी वाढले की खालच्याने सामान वर आणायचे आणि वरच्याने दार उघडे ठेवायचे, ही आमच्याकडची रीत. गाळा देताना यजमानांनी हैदरला तसा शब्द दिला होता. तो कागदावर नव्हता, म्हणून इथे लिहिते.

२. दोन हजार एकवीसच्या पुरात मी ऑपरेशनसाठी ठाण्याला मुलाकडे, अश्विनकडे होते. मला न्यायला आला तेव्हा त्याने मला न सांगता जिन्याच्या दाराला कुलूप घातले. वर नवी फरशी होती, तिला चिखल लागू नये म्हणून. गणपती जवळ आलेले, गावोगावच्या भजनी मंडळांचे पखवाज हैदरकडे दुरुस्तीला. पाणी शिरल्यावर त्याने फोन केला, "कुलूप तोडू काय?" अश्विन म्हणाला, "एवढं नाही चढत पाणी, थांबा." हैदर दुसऱ्याचे कुलूप तोडणारा माणूस नव्हे. तो थांबला आणि सगळे पखवाज बुडाले. पुढे त्याने पदरमोड करून एकूण एक वाद्य गणपतीआधी ज्याचे त्याला पोचवले.

अश्विन म्हणतो, पुराला घरमालक जबाबदार नसतो. वकील प्रियदर्शिनी सकपाळ यांना मी विचारले. त्यांनीही तेच सांगितले. पण कुलूप काही पुराने घातले नव्हते. मला याची लाज वाटते आणि रागही येतो.

३. माझ्या ठेवीतून आधी हैदरचे नुकसान भरावे. तो सांगेल तो आकडा मानावा, पावत्या मागू नयेत. उरेल ते आणि माझ्या पाटल्या सून मानसीला. तांब्याचा हंडा नणंदेला. तो तिने न विचारता आधीच नेला आहे, आता तिचाच समजावा.

४. हैदर हयात असेतो गाळा आहे त्या भाड्याने त्याच्याकडेच राहील. जिन्याला कोणीही, कधीही कुलूप घालणार नाही.

जिनाच त्याच्या नावे करणार होते. तो म्हणाला, "बाई, जिना घेऊन मी काय करू? पुरापासून अश्विन दुकानात आला नाय. लहानपणी तिथंच पडलेला असायचा. त्याला येवढं सांगा, खाली ये."

५. वरचा मजला अश्विनला. तो माझा एकुलता एक मुलगा आहे आणि मला फार प्रिय आहे. मात्र ताबा त्याने हैदरच्या हातून घ्यावा. गाळ्यात जाऊन बसावे आणि "कुलूप मी घातलं होतं" एवढे त्याच्या तोंडावर म्हणावे.

वकीलबाई म्हणाल्या, ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिको. अश्विन, तुझी आई सांगते आहे, खाली जा.

वाचून पाहिले, माझेच म्हणणे आहे, म्हणून सही केली.

नीला दत्ताराम उतेकर

आमच्यासमोर सही झाली:
भागोजी रामजी साळेकर, शेजारी
सेजल विनीत शेठ, शेजारी

महाड, ११ मे २०२४