भोंग्यावरचं नाव

मास्तर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. परवा कात्रपची एक कॉलेजातली मुलगी सॅक्सोफोन घेऊन माझ्याकडे आली, चावी अडकते म्हणून. हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिला. अगदी तुमच्या सॅक्सोफोनसारखा. भोंग्यावर तीच कोरलेली फुलं आणि खाली बनवणाऱ्याचं नाव. तिनेच मोबाईलवर त्या जपानी घराण्याची हकिकत वाचून दाखवली. बाप म्हणे लष्करी बँडवाल्यांची परदेशी वाद्यं दुरुस्त करायचा. मुलगाही त्याच कामात वाढला, आणि दुसऱ्यांची वाद्यं उघडता-जोडता एक दिवस त्याने स्वतःचाच सॅक्सोफोन बनवला.

आणि तुम्ही हे न वाचता सांगितलं होतं! उल्हासनगरात पुढे सिंधी शेठचं कापडाचं दुकान, मागच्या खोलीत तुम्ही लग्नाच्या बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करताय. मी मोरिवलीच्या कंपनीत मशीनवर भांड्यांना बफ मारून चकाकी आणणारा, रविवारी तुमच्याकडे शिकायला येणारा. तुम्ही जुन्या बाजारातून तो सॅक्सोफोन आणलात आणि फुंकायच्या आधी अख्खा उघडून बसलात. सगळं एका छोट्या स्क्रूड्रायव्हरने निघत होतं. तुम्ही खूश. "हे बनवणारा आधी रिपेअरवाला असणार बघ. पुढे कोणाला तरी उघडायला लागेल, ह्याची काळजी केलीय त्याने." मी मनात हसलो. स्क्रू बघून माणूस ओळखतात म्हणे! मग जोडून माझ्या हातात दिलात. घरी ने, फडक्याने पूस, इंग्रजीत नाव आहे ते वाच, रविवारी मला सांग.

पण मला अक्कल जास्त. लग्नसराई तोंडावर, बँडवाल्यांना सगळं चकाचक लागतं, म्हटलं मास्तरांना खूश करू. कंपनीत नेऊन मशीनवर धरला. वरचा थर गेला, फुलं गेली, नावही गेलं. रविवारी तुम्ही भोंग्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिलात. मी म्हटलं, नाव आधीच झिजलेलं होतं, मास्तर. तुम्ही एवढंच म्हणालात, "चमकते तर ताटलीपण रे." मला अजून लागतं ते.

तरी तुम्ही तोच वाजवलात, शेवटपर्यंत. काय वाजवायचात! वरातीतली माणसं नाचायची थांबून ऐकायची. कोणी कंपनी विचारली की म्हणायचात, आपल्याच धंद्यातल्या माणसाची आहे, नाव तेवढं कळलं नाही. ते मी बाजूला उभा राहून ऐकायचो.

मुलीची चावी नीट करून दिली, पैसे घेतले नाहीत. हा कागद आता तुमच्या स्क्रूड्रायव्हरच्या डब्यात ठेवतोय. मास्तर, नाव झिजलेलं नव्हतं. मशीन चालू करण्याआधी मी ते दोनदा वाचलं होतं, आणि त्या रविवारी तुमच्यासमोर उभा होतो तेव्हाही ते मला पाठ होतं.