बिब्ब्यासाठी वीट

लालबाग, मुंबई
२ डिसेंबर २०२४

प्रिय बाय,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आंब्याला मोहर दिसायला लागला का? इकडे सगळे मजेत. तुझा दीर सकाळपासून टीव्हीसमोर, आवाज सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढा मोठा. तळमजल्यावरचा मनू उद्याच्या गाडीने गावी निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर एक नाव निघालं की लगेच तुझी रेंज जाते, म्हणून म्हटलं कागदच बरा. तो मध्येच कट करता येत नाही.

अक्षर बघून हसू नकोस. उजव्या हाताची बोटं सुजलीत. डोळे तर परवापर्यंत उघडतच नव्हते, आता फटीतून दिसतंय तेवढ्यावर लिहितेय. खोटं कशाला बोलू, इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. मला बिब्बा उतलाय.

आता तू कपाळाला हात लावशील आणि म्हणशील, ह्या बयेला बिब्ब्याच्या वाटेला जायला सांगितलं कुणी? मला माहीत होतं गो. लग्न होऊन आले त्या वर्षी नुसता बिब्ब्यांच्या पिशवीला हात लागला होता, तर मान पुरळाने भरली होती. तेव्हा तूच मला समोर बसवून खोबऱ्याचं दूध चोळलं होतंस आणि सुकं खोबरं नि तीळ चावायला दिले होतेस. वर सासूबाईंना सांगितलंस, की बेबीला हे काम आयुष्यात लावायचं नाही. तेवढ्यावरून मी तुझी झाले, हे तुला कधी बोलले नव्हते. आज बोलते.

थंडी पडली की आठवण येतेच. दिवाळी उरकली की चाळीतल्या बाया आपापले बिब्बे घेऊन तुझ्या दारात. कुणाची सून बाळंत व्हायची असे, कुणाची लेक. डिंकाच्या लाडवांत गोडंबी हवी आणि ती तूच काढलेली हवी. बिब्ब्याच्या आतला तो एवढासा पांढरा गर काढायचा, तर वरच्या टरफलातल्या काळ्या तेलाशी गाठ. सगळ्यांचे हात उतायचे, तुझे नाही. एकदा मी विचारलं तर म्हणालीस, "माका नाय उतत तो. माझी कातडी म्हशीची." आणि हसलीस. पण म्हशीची कातडी असूनही तुझे नियम किती होते! उन्हाळ्यात बिब्बा फोडायचा नाही. पोरांना खाली पिटाळायचं. पोटुशी बाई आसपास नको. ज्याला आधी कधी उतलाय त्याने लाडू खायचा नाही. कोपरापर्यंत खोबरेल लावायचं, बिब्बा चिमट्याने धरायचा, तवा वेगळा, बत्ता वेगळा. भाजायचे ते गॅलरीच्या टोकाला, मिलच्या भिंतीकडे, वाऱ्याला पाठ करून. धूर तोंडावर आला तर त्यानेसुद्धा उततो, हे तू प्रत्येकीला दरवर्षी नव्याने सांगायचीस, जणू त्या कालच मुंबईत आल्यात.

आणि भाजायच्याही आधी विटेचा चुरा. देठाची टोपी काढून बिब्बे त्या चुऱ्यात पुरून ठेवायचीस. चुरा तेल प्यायचा, काळा व्हायचा, तो टाकून नवा घालायचीस. मग गरम पाण्याने धुवून वाळवायचीस. लोक टाचांच्या भेगांना बिब्बा लावायचे, खोकल्याला दिव्यावर धरून दुधात त्याचं तेल पाडायचे. तुला ते अजिबात आवडायचं नाही. औषध आहे तसं ते विखारीही आहे, ज्याला कळतं त्यानेच द्यावं, असं म्हणायचीस.

एवढं सगळं मला पाठ आहे. मग चुकले कुठे? वीट मिळाली नाही. तुला हसू येईल, पण आपल्या चाळीच्या जागी एवढा उंच टॉवर उभा राहिलाय आणि अख्ख्या इमारतीत एक भाजकी वीट नाही. वॉचमनला सांगितलं तर त्याने शेजारच्या साइटवरून तो राखाडी, हलका ब्लॉक आणून दिला. तो काय तेल पिणार? म्हटलं जाऊ दे, थेट भाजू. गॅलरी कुठली इथे, स्वयंपाकघराची एक खिडकी, तीही कबुतरांच्या भीतीने बंद. पंखा लावला होता भिंतीतला. त्याने धूर बाहेर जाईल असं वाटलं, तो माझ्या तोंडावर बसला. तेवढ्यात एक बिब्बा तडकला नि तेल बोटांवर उडालं. आरशात बघितलं तर तोंडाचा पाव झालेला.

तू आता विचारशील, काष्ठौषधीवाल्याकडे तयार गोडंबी मिळते, ती का नाही आणली? कारण बाळंतिणीला विकतची गोडंबी नाही, हा तुझा नियम. नीट साफ केलेली नसली तर तोंड येतं, म्हणायचीस. मी तो मोडायला तयार नव्हते.

बाळंतीण कोण, हे मी अजून लिहिलेलं नाही. तुला कळलं असेलच.

तुझी आकांक्षा माझ्याकडे आहे. दिवाळीपासून. जानेवारीत मोकळी होईल. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं आणि तिचं माहेर दार लावून गावी जाऊन बसलंय, म्हणून मी घेऊन आले. मी विचारलं नाही तुला, कारण तू नाही म्हणाली असतीस नि मग मला तुझा शब्द मोडावा लागला असता. आपला जावई गौतम रोज कामावरून सुटला की नायगावातून येतो. त्याच्या जातीवरून तू जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही. कागद खराब होतो. पण तू ते बोललीस आणि ते चूक होतं, एवढं धाकटी असूनही मी म्हणणार. मला तुझा राग आला होता बाय, अजून पुरता गेलेला नाही.

त्या दिवशी ती दोघं तपासणीला गेली होती, तुझा दीरही बाहेर, म्हणून मी डाव साधला होता. परत आली तर मी मोरीपाशी डोळे मिटून बसलेली. गौतमने आधी आकांक्षाला बाहेर थांबवलं, खिडकी उघडली, सगळा धूर जाऊ दिला. मग मला खाली नेऊन टॅक्सीत घातलं, दवाखान्यात स्वतः शेजारी बसून राहिला. डॉक्टर मला ओरडले, घसा सुजला असता तर श्वासावर बेतलं असतं म्हणाले. जावई माझी बाजू घेत होता, आमच्या काकींना असं बोलू नका म्हणून. मला काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

आणि आता जे लिहितेय त्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

आम्ही दवाखान्यात असताना ह्या पोरीने तो तवा घासला. उघड्या हातांनी. तेलाचे काळे डाग, फुटलेली टरफलं, सगळं. आल्यावर कळलं तेव्हा माझं धाबं दणाणलं. तिला खोबरेल लावायला लावलं, तीळ चावायला दिले, दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. काही नाही. एक पुटकुळी नाही. मी फटीतून डोळे ताणून तिचे तळवे उलटसुलट बघत होते.

तीही आपले तळवे निरखत बसली. मग म्हणाली, "काकी, हे आईचे हात आहेत." आणि ढसाढसा रडली. तिचं लग्न झाल्यावर पहिल्यांदाच मी तिला रडताना बघितलं.

तू जाताना म्हणाली होतीस, तिच्यात माझं आता काही उरलेलं नाही.

उरलेले बिब्बे खिडकीच्या जाळीत डब्यात बंद करून ठेवलेत. मी त्यांना शिवणार नाही, आकांक्षालाही शिवू देणार नाही, पोटुशी आहे ती. डिंक, खारीक, खोबरं, सगळं आणून ठेवलंय. लाडू गोडंबीवाचून अडलेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, बाळंत झाल्यावर मला विचारून मगच थोडे द्या, तेव्हा वेळ आहे. हात तिच्याकडे आहेत, पण कसं करायचं ते फक्त तुला येतं. यंदा तू काढ, पुढच्या थंडीत तिला शेजारी बसवून शिकव. तुझ्यामागे हे कुणाला यायला हवं की नको?

चाळ पाडली तेव्हा ढिगाऱ्यातून तू एक वीट पदरात गुंडाळून नेली होतीस. आपल्या खोलीची. मनू सांगतो, ती तुझ्या तुळशीपाशी आहे. अर्धी फोडली तरी पुरेल, अर्धी तुळशीला ठेव.

लेकीशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, बिब्ब्यासाठी ये. मनू परत येताना तुला गाडीत बसवून आणेल. वीट तेवढी विसरू नकोस.

बेल वाजली की दार मी उघडणार नाही. ती उघडेल.

तुझी,
बेबी