बर्फाचा ट्रे

प्रिय दादा,

गेले काही दिवस माझं सरबत कोमट आहे. या अन्यायाची नोंद कुठेतरी व्हायला हवी, म्हणून हे पत्र. तुला देणार मात्र नाही.

बर्फ संपवण्याचा संशय मी आधी वहिनीवर घेतला. मग दिसलं, ती थर्मामीटर आणायला उठली की तू फ्रीजकडे जातोस. "केमोने तोंड आलंय रे, बर्फाने बरं वाटतं," म्हणालास. पटण्यासारखं होतं, म्हणूनच मला पटलं नाही.

काल वहिनी तुझ्या तोंडातला थर्मामीटर काढून "ताप नाही" म्हणत खूश झाली. मी तुझ्या पाठीला हात लावला, तर नुसता तवा. नर्सने बजावलं होतं: प्रोस्टेटच्या या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात, साधा तापही जिवावर बेतू शकतो, लगेच कळवा. तुला पुन्हा वॉर्डात जायचं नव्हतं, एवढंच. मी तुझा बर्फ बेसिनमध्ये ओतला, थर्मामीटर काखेत लावला आणि हॉस्पिटलला फोन केला.

स्ट्रेचरवरून म्हणालास, "चुगलखोर कुठला. माझा बर्फ भरून देशील."

आज डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. ताप उतरतोय.

सरबत मी अजून कोमटच पितोय. ट्रे काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवलाय. त्यातला एकही खडा मी घेतलेला नाही.

तुझा,
धाकटा चुगलखोर