मारिसोलचा भागाकार

४ मार्च, मंगळवार
गणिताचे पेपर तपासले. मारिसोलची उत्तरं बरोबर, पण पायऱ्या नाहीत. भाजक उजवीकडे, वजाबाकी कुठेच नाही. कॉपी समजून निम्मे मार्क कापले. होंडुरासहून इथे अमेरिकेत येऊन दीडच वर्ष झालंय, इंग्रजी जेमतेम, हिला कुठून येणार?

६ मार्च, गुरुवार
मारिसोल शाळा सोडतेय. सतरा वर्षांची पोर. आईसोबत हॉटेलात खोल्या साफ करायला जाणार, सोमवार १७ पासून. कारण? "मी मठ्ठच आहे, मिस."
वर्गात स्पॅनिशमधून समजावणाऱ्या एल्साबाईंना पेपर दाखवला. हसल्याच. "आमच्याकडे डिव्हिजन असंच करतात. वजाबाकी मनात. लिहिली तर टीचर ओरडते."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंग्रजी जेमतेम म्हणून हिला कमी लेखणारी मी, स्वतः नागपुरात दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली!

७ मार्च, शुक्र.
सगळ्यांसमोर माफी मागितली, मार्क परत दिले. तिलाच फळ्यापाशी उभं केलं. तिनं स्पॅनिशमधून शिकवलं, एल्साबाईंनी इंग्रजी केलं. कधी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची चौघं ओरडून उत्तरं देत होती. काय ऐट होती पोरीची! ऊर भरून आला.
घरी सांगितलं तर नवरोबा म्हणाले, "मार्क कापणारी तूच, प्राउड होणारीपण तूच. वा!"
हो, आहेच मी प्राउड.

११ मार्च, मंगळ.
मारिसोलची आई आली. कामावरून थेट, हात ब्लीचनं सोललेले. एल्साबाई मध्ये. पुढचे पेपर इंग्रजी-स्पॅनिश दोन्हींत काढेन वगैरे मी सांगत होते. आईनं एकच विचारलं, "ही हुशार आहे का?"
म्हटलं, वर्गात सगळ्यांत.
"शाळेचा फोन आला की तक्रारच असते. हे कुणी सांगितलंच नव्हतं." डोळे पुसले. "पण हॉटेलला सोमवारचा शब्द दिलाय. बघते."
मलाही रडू आलं. आवरलं कसंबसं.

१७ मार्च, सोम.
आली! अंगात हॉटेलचा युनिफॉर्म. "रोज पहिले दोन तास बसेन, मिस. मग काम. आई म्हणाली, विचारून बघ."
नियमात बसत नाही. हजेरी लावून टाकली. दुपारी प्रिन्सिपॉलबाईंकडे गेले, त्या म्हणाल्या, "एकीला सवलत दिली तर सगळेच मागतील."
म्हटलं, मागू देत की.
उद्या सांगते म्हणाल्या.