बाबांनी भरलेलं शेवटचं पिंप

केंटकी, ९ ऑक्टोबर

प्रिय आई,

तुला आणि मावशीला माझी खूप माया. मी सुखरूप पोचले. छप्पर अजून गळत नाही आणि मी वेळेवर जेवते, तेव्हा उगाच काळजी करू नकोस. फ्लोरिडाच्या उन्हात तुझा खोकला कमी झाला का?

काल बाबांची आठवण म्हणून सगळे आपल्या दारूच्या भट्टीवर जमले होते. क्रूम घराण्याच्या चार पिढ्यांत नुसत्या वासावरून दारू पारखणारं असं नाक झालं नाही, असं जो तो म्हणत होता. मग बाबांनी भरलेलं व्हिस्कीचं शेवटचं पिंप कामगारांनी उघडलं आणि पेला माझ्या हातात दिला. "सांग पोरी, बर्बन तयार झाली का?"

मी हुंगलं, चाखलं. मला काहीच कळेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

कोठारातल्या एल्झीकाकांनी मला बाजूला नेलं. "लाजतेस कशाला? तो मोठा ताप आला, त्यानंतर तुझ्या बापाला तरी कुठे वास येत होता? बारा वर्षं तो जेवणाच्या डब्यात लपवून बाटली घरी न्यायचा. हुंगायची तुझी आई, आणि नाव व्हायचं त्याचं!"

आई, तू कधी बोलली नाहीस गं. त्यांना पुरलं तेव्हाही लोक त्यांच्या नाकाचं कौतुक करत होते आणि तू नुसती मान डोलावत होतीस.

मी पिंप पुन्हा बंद करायला लावलं. इथे बोलायला कुणी नाही, म्हणून स्वयंपाकघरात दिवसभर रेडिओ चालू ठेवते.

सोबत गाडीचं तिकीट पाठवते आहे. ये. या वेळी पेला सगळ्यांसमोर तुझ्या हातात द्यायचा आहे.

तुझी वाट बघणारी,
लोरेना